चहाच्या कपातले साडेतीन पैसे

उसाचा हिशोब आला की आमच्या घरात तो कागद दोनदा वाचला जातो. पहिल्यांदा अण्णा वाचतात, मोठ्यानं : टन किती, दर किती. दुसऱ्यांदा आई वाचते, मनातल्या मनात, आणि तिची नजर थेट वजाबाकीवर जाते. सोसायटीचं कर्ज, भागाची रक्कम, अमुक निधी, तमुक निधी. पण सगळ्यांत मोठी वजाबाकी या यादीत नसतेच. ती दराच्याही आधी झालेली असते. सरकारनं ठरवलेल्या दरातून कारखाना 'तोडणी-वाहतूक' वजा करतो आणि उरतो तो आपला निव्वळ दर. ही वजाबाकी टनाला सातशे ते हजार रुपयांच्या आसपास जाते. अण्णा तिथं पोचले की चष्मा काढतात. मग ठरलेलं वाक्य येतं, "टोळ्या लई माजल्यात."

आमचं गाव बावडा, तालुका इंदापूर. नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला शेवटचा पट्टा. इथून थोडं पुढं नीरा-नरसिंहपूरला दोघींचा संगम होतो. आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरहून निघून आमच्या गावावरून सराटीला जाते आणि नीरा ओलांडून अकलूजकडे वळते. त्याच रस्त्यावरून दिवाळीनंतर वेगळी वारी सुरू होते. बैलांच्या टायरगाड्या, ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाच्या मोळ्या, मोळ्यांवर झोपलेलं लेकरू. बिजवडीचा कारखाना, शहाजीनगरचा कारखाना, नदीपलीकडे अकलूज-माळीनगर-श्रीपूर. चारी बाजूंनी धुराडी. या गाड्या हाकणारी माणसं बहुतेक बीड जिल्ह्यातली असतात : आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी. काही नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-जामखेडची.

"टोळ्या माजल्यात" हे गावाकडचं वाक्य. त्याचं शहरी भावंडही तुम्ही ऐकलं असेल : मजुरी वाढवली तर खाणंपिणं महागणार, मग गरिबालाच झळ बसणार. ही दोन वाक्यं जगभर फिरतात. मेक्सिकोतून आलेल्या मजुरांबद्दल कॅलिफोर्नियात बोलली जातात, बीडहून आलेल्यांबद्दल बावड्यात. मला या वाक्यांचा हिशोब मांडून बघायचा होता. बघायला बसलो आणि लक्षात आलं की आधी वेगळाच प्रश्न सोडवायला लागेल. दुसऱ्याच्या मजुरीची वजाबाकी आमच्या कागदावर आली कशी? त्यासाठी बरंच मागं जावं लागतं.

आज इंदापूर म्हटलं की ऊस, डाळिंब, पेरू, केळी. पण इंग्रजांच्या कागदपत्रांत हा तालुका आला तो दारिद्र्यापायी. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्यात बसवलेला शेतसारा इतका जड झाला की लोक जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५-३६ मध्ये नव्यानं मोजणी आणि आकारणी सुरू केली, ती इंदापूर तालुक्यातून. पुढं सगळ्या मुंबई इलाख्यात पसरलेल्या रयतवारी मोजणीची प्रयोगशाळा म्हणजे आमचा तालुका. गाव सोडून जाणारी माणसं तेव्हा आमची होती, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही.

पुढचा प्रसंग शेजारच्या सुप्याचा. आज ते बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि घरं गाठली, त्यांना कर्जाचे कागद हवे होते. मिळाले ते जाळले. तिथून दख्खनचे दंगे पेटले, चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना सावकारापासून थोडं संरक्षण देणारा कायदा झाला. आगाऊ पैशाच्या कागदानं बांधलेला माणूस किती दिवस गप्प बसतो, याचं उत्तर आमच्या मुलखानं तेव्हा दिलं होतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, 'उचल' या शब्दापाशी तो परत येणार आहे.

सुप्यानंतर वर्षभरातच, १८७६ मध्ये, पाऊस गेला. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके, म्हणजे इंदापूर, भीमथडी, शिरूर, भाजून निघाले. सरकारनं दुष्काळी कामं काढली : रस्ते, तलाव, खडी. आणि तिथं प्रश्न उभा राहिला की उपाशी माणसाला मजुरी किती द्यायची. व्हाइसरॉय लिटननं खर्च आवरायला सर रिचर्ड टेंपलला पाठवलं. टेंपलनं १८७७ च्या सुरुवातीला मजुरीचा नवा दर सुचवला : माणशी दिवसाला एक पौंड धान्य येईल एवढे पैसे, आणि वर मीठ-मिरचीपुरतं किरकोळ काही. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. दिवसभर खडी फोडायची आणि एवढ्यावर जगायचं. मद्रासचे सरकारी डॉक्टर कॉर्निश यांनी हा आहार काम करणाऱ्या माणसाला पुरणार नाही असं लिहून दिलं. वाद प्रशासकीय भाषेत चालला होता, पण तळाशी गणित अगदी उघडं होतं : माणूस जिवंत राहायला कमीत कमी किती लागतं, तेवढीच मजुरी.

या गणितावर मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी जे केलं ते मला आजही विलक्षण वाटतं. त्यांनी कामं सोडली. हजारो माणसं दुष्काळी कामांवरून उठून चालती झाली. घरात दाणा नाही, बाजारात भाव भडकलेले, आणि तरी माणसं म्हणाली की या दरानं नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळींनी, त्यांची बाजू लावून धरली. संप म्हटला की आपल्याला गिरणगाव आठवतं. मुंबईत गिरण्यांच्या संघटना उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी उपाशी शेतकऱ्यांनी मजुरीवरून हा असहकार केला होता, हे आपल्या मनावर फारसं कोरलेलं नाही.

दुष्काळाच्या भीतीतून कालवा आला. वीरपासून निघालेल्या नीरा डाव्या कालव्यातून १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागलं, वर भाटघरचं धरण १८९२ मध्ये पुरं झालं. आजी-आजोबांच्या गोष्टींत कालवा येतो तो सोन्याचा धूर घेऊन. प्रत्यक्षात सुरुवातीला आमच्या लोकांनी त्या पाण्याकडे पाठ फिरवली होती. ज्वारी-बाजरी पावसावर येत होती, मग पाणीपट्टी कशाला भरायची? पाणी ओळखलं ते सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी. ते इकडे आले, आमच्याच लोकांच्या जमिनी खंडानं घेतल्या, ऊस लावला, गूळ केला. कॅनडाचे मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अॅटवूड यांनी या भागात राहून लिहिलेल्या 'रेझिंग केन' या पुस्तकात ही हकिगत तपशिलात आहे. म्हणजे आमच्या उसाची सुरुवातच बाहेरून आलेल्या माणसांनी केली. फरक एवढाच की ती माणसं भांडवल आणि कसब घेऊन आली होती, म्हणून त्यांना कुणी टोळी म्हटलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर पाण्याची 'ब्लॉक' पद्धत बसवली. कालव्याचं शेपूट मात्र इंदापूरकडे. टेलच्या शेतकऱ्याचं रडगाणं तेव्हापासूनचं.

गुळाच्या काळात तोडणी हा मोठा प्रश्न नव्हता. गुऱ्हाळाच्या काहिलीला पुरेल एवढाच ऊस रोज तोडायचा. घरची माणसं, गावातली चार माणसं, झालं. घाणा बैलांच्या चालीनं चालायचा, त्यामुळे तोडणीलाही बैलांचीच चाल पुरायची.

कारखाना आला आणि वेग बदलला. १९३२ मध्ये सरकारनं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि दोन-तीन वर्षांत आमच्या आसपास खासगी कारखाने उभे राहिले : वालचंद हिराचंद यांचा वालचंदनगरचा, सासवडच्या माळी मंडळींचा माळीनगरचा, आगाशे यांचा श्रीपूरचा. या कारखान्यांपाशी मोठाल्या जमिनी होत्या, स्वतःच्या किंवा खंडानं घेतलेल्या. ऊस त्यांचा, मजूरही त्यांचेच, कारखान्याच्या वस्तीवर, चाळीत राहणारे. पगार थोडा असला तरी तो कुणाच्या खिशातून जातो हे स्पष्ट होतं. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानं या जमिनी निघाल्या, १९६३ मध्ये शेती महामंडळ झालं आणि तो अध्याय वेगळ्या वळणानं गेला.

तोवर सहकार आला होता. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ नीरेच्या काठी माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर. इंदापूरचा कारखाना बिजवडीला झाला. त्याला आता आमच्या बावड्याचे शंकरराव पाटील यांचं नाव आहे. ते आमदार होते, मंत्री होते, बारामतीचे खासदार होते, आणि गावात अजूनही त्यांचा उल्लेख 'भाऊ' असाच होतो. सहकारानं आमच्या भागाचं जे भलं केलं ते नाकारणं कृतघ्नपणा होईल. शाळा, कॉलेज, दवाखाना, रस्ता, सगळ्यांवर उसाची मोहर आहे. माझी फीसुद्धा उसाच्या बिलातून गेली.

पण सहकारी कारखान्यात ऊस हजारो सभासदांचा, दोन-दोन, चार-चार एकरांत विखुरलेला. आणि ऊस हा वाट बघणारा माल नव्हे. तोडला की त्यातली साखर उतरायला लागते. तो दिवसाच्या आत गाळला पाहिजे. गव्हाण रात्रंदिवस भरती राहिली पाहिजे. प्रत्येक शेतकऱ्यानं आपापल्या सोयीनं तोडून आणला तर सोमवारी यार्डात जागा नसेल आणि बुधवारी कारखाना बंद. म्हणून लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम कारखान्यानं लावायचा, टोळ्या कारखान्यानं पाठवायच्या आणि खर्च शेतकऱ्याच्या दरातून वळता करायचा, अशी रीत पडली. आईची नजर अडकते ती वजाबाकी ही अशी जन्माला आली. तोडणारा माणूस कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, शेतकऱ्यानं त्याला ठेवलेलं नाही, आणि पैसे मात्र शेतकऱ्याचे.

मग टोळ्या आणायच्या कुठून? गावात भूमिहीन नव्हते असं नाही. पण गावच्या माणसाला बाजार असतो, लग्न असतं, आजारी आई असते, दुसरं काम असतं. तो पहाटे तीनला गाडी भरायला येईल याची खात्री नाही. परगावचा माणूस फडातच कोपी घालून राहतो, त्याला जायला दुसरी जागाच नसते. तो स्वस्त आहे यापेक्षा तो हाताशी आहे, हा त्याचा गुण. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांना गुजरातेत बारडोलीच्या साखरपट्ट्यात हेच दिसलं होतं. तिथं स्थानिक हळपती मजूर रिकामे बसलेले आणि कारखाने ऊस तोडायला माणसं आणत होते आपल्या खानदेशातून.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात पाऊस कमी, जमीन हलकी, कालवा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर तिथून येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. याच दुष्काळानं महाराष्ट्राला रोजगार हमीही दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला, आणि मागेल त्याला गावाजवळ काम असं वचन मिळालं. वचन पुरतं पाळलं गेलं असतं तर आमच्या फडात किती कोयते आले असते? मला वाटतं, फार थोडे. आज राज्यात ऊसतोड कामगारांचा अंदाज आठ-दहा लाखांचा सांगतात.

कोयता म्हणजे हत्यार नव्हे, निदान हिशोबात नाही. कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यात गावात येतो आणि कोयत्यामागे उचल देतो. ती पन्नास हजार असेल, लाख असेल, कधी त्याहून जास्त. त्या पैशात आधीचं देणं फिटतं, मुलीचं लग्न होतं, दवाखाना होतो. मग हंगामभर ती फेडायची.

सोपा गुणाकार करू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांची बोलणी पुरी झाली आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले. जोडी दिवसाला साधारण दोन टन तोडते. तोडायचा, पाला काढायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडीत चढवायच्या. दिवसाचे झाले ७३२ रुपये, दोघांत. माणशी ३६६. दिवस आठ तासांचा नाही, गाडी येईल तेव्हा मोळ्या चढवायच्या, मग रात्रीचे दोन वाजोत. आता लाखाची उचल या दरानं भागायला २७३ टन तोडावे लागतात, म्हणजे रोज दोन टनांनी १३७ दिवस. हंगाम चार-पाच महिन्यांचा, कधी त्याहून आखूड. म्हणजे सबंध हंगाम एक उचल खाते. हंगामात किराणा लागतो, लेकरू आजारी पडतं, बैल लंगडतो. त्यासाठी नवे पैसे. एखादा दिवस कामाला नाही गेलं तर 'खाडा', त्याचा दंड वेगळा. मग उरलेली बाकी पुढच्या हंगामावर, आणि पुढच्या हंगामाची उचल तिच्यावर. १९७६ मध्ये वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला तो आगाऊ कर्जानं माणूस बांधून ठेवण्याविरुद्धच होता. सुप्याच्या बाजारात जे कागद जळाले त्यांचा हा नातू आहे. फक्त याचा कागद बहुतेक वेळा कागदावर नसतोच.

१९७९ मध्ये स्थलांतरित मजुरांसाठी स्वतंत्र कायदा आला, पण तो राज्याची हद्द ओलांडून जाणाऱ्यांसाठी. बीडचा माणूस कर्नाटकात गेला तर कायद्याला दिसणार, बावड्याला आला तर नाही. बायकांचं तर विचारूच नका. पाळी आली, गर्भ राहिला, तरी खाडा परवडत नाही. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून ओरड झाली तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहा जणींत एक. आमच्या रानात दर हंगामाला आठ-दहा जोड्या उतरतात. तो आकडा वाचल्यावर पुढच्या वर्षी फडात गेलो तेव्हा मी नकळत बायका मोजल्या आणि स्वतःचीच लाज वाटली.

आता साखरेकडे. सरकारला साखरेची काळजी पहिल्यापासून, कारण ती मतदाराच्या चहात असते. कित्येक दशकं कारखान्यांच्या साखरेतला ठरावीक वाटा सरकार 'लेव्ही' म्हणून कमी भावानं उचलायचं आणि रेशनवर द्यायचं. सणाला रेशनची साखर आली का, हा प्रश्न माझ्या लहानपणी सर्रास ऐकू यायचा. लेव्ही २०१३ मध्ये संपली. उसाचा किमान दर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र ठरवतं. २००९ पासून त्याला आपण एफआरपी म्हणतो. २०२४-२५ ला तो सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होता, पुढच्या हंगामाला ३,५५०. साखरेचा कारखान्यातला किमान विक्रीदर २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरला, २०१९ मध्ये ३१ झाला आणि पुढं कितीतरी वर्षं तिथंच बसून राहिला. उसाला कायद्यानं दर आहे, साखरेला आहे. तोडणीला तसा दर नाही. तो दर काही वर्षांनी संप, बोलणी, लवाद अशा वाटेनं ठरतो. गोपीनाथ मुंडे आणि शरद पवार यांच्या लवादाच्या गोष्टी बीडकडचे जुने मुकादम अजून सांगतात.

एक टन उसातून साखर किती निघते? उतारा साडेदहा टक्के धरला तर १०५ किलो. तोडणीचे ३६६ रुपये या १०५ किलोंवर वाटा. किलोला येतात साडेतीन रुपये. दुकानात साखर चाळीस-पंचेचाळीस रुपयांनी मिळते, त्यात ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोचा वाटा साडेतीन रुपये. मुकादमाचं वीस टक्क्यांच्या आसपासचं कमिशन धरलं तरी सव्वाचार. हेही जास्तच धरलंय, कारण त्याच टनातून बगॅस निघतं, मळी निघते, वीज आणि इथेनॉल होतं. मी सगळा भार एकट्या साखरेवर टाकला आहे.

आता समजा, त्यांची मजुरी दुप्पट केली आणि त्यातला पैसा न् पैसा तुमच्याकडून वसूल केला. किलोला साडेतीन रुपये वाढतील, मुकादमाचाही वाटा दुप्पट झाला तर सव्वाचार. घरात महिन्याला पाच किलो साखर लागत असेल तर साडेसतरा रुपये, फार तर एकवीस. दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर घातलेल्या चहाच्या कपामागे साडेतीन पैसे. हे नाणं आता टाकसाळीतून निघतसुद्धा नाही. स्वस्त अन्न आणि स्वस्त मजूर यांची सांगड घालणाऱ्या त्या जगप्रसिद्ध वाक्यात दम एवढाच आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावानं कल्याण महामंडळ झालं, त्याला कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचं ठरलं, तर केवढी खळखळ झाली. किलोला ते दहा पैसेही होत नाहीत.

मग इतकं सोपं असेल तर अडतं कुठं? अण्णांच्या चष्म्यापाशी. वाढीव मजुरी चहा पिणाऱ्याकडून येत नाही, ती उसाच्या दरातून वजा होते. २७३ चे ३६६ झाले म्हणजे टनाला ९३ रुपये. आमचा दोन एकरांत ऐंशी टन ऊस गेला, म्हणजे आमच्या घरातून ७,४४० रुपये गेले. पुण्यातल्या माणसाला साडेतीन पैशांनीही जे कळलं नसतं ते आम्हाला सात हजारांनी कळलं. त्यातच आता टोळ्या कमी पडतात, ऊस वाळायला लागतो आणि शेतकरी वरून एकरी काही हजार 'खुशाली' देतो. गाडीवानाची 'एन्ट्री' वेगळी. अण्णांचा राग खोटा नाही. तो चुकीच्या दारावर धडकतो, कारण दुसरं दार त्यांना त्या कागदावर दिसत नाही.

नोव्हेंबर २०११ मध्ये राजू शेट्टी पहिल्या उचलीसाठी पंढरपूरहून बारामतीपर्यंत पायी चालत आले आणि तिथं उपोषणाला बसले. शेतकऱ्याच्या पहिल्या हप्त्यालाही आम्ही 'उचल'च म्हणतो, हे बघा. ऊसतोडीचे संपही बहुधा याच दिवसांत होतात, हंगामाच्या तोंडावर, कारण तेव्हाच दोघांच्या हातात थोडी ताकद असते. एकाच कारखान्याच्या दारात दोघं उभे राहतात, मागतात एकाच टनातलं. शेतकऱ्यांचा आणि तोडणाऱ्यांचा एकत्र मोर्चा मात्र मी आजवर पाहिलेला नाही.

अमेरिकेत १९४२ पासून 'ब्रासेरो' नावाची योजना होती. मेक्सिकोतून करारावर मजूर यायचे, कॅलिफोर्नियाची फळं-भाज्या काढायचे आणि परत जायचे. १९६४ मध्ये ती बंद झाली तेव्हा बागायतदार म्हणाले की आता टोमॅटो परवडणार नाही. तसं काही झालं नाही. विद्यापीठानं टोमॅटो काढायचं यंत्र आणि त्या यंत्राला सोसेल असा टणक टोमॅटो आधीच तयार केला होता, आणि काही वर्षांत शेतं त्याच्या ताब्यात गेली. टोमॅटो स्वस्तच राहिला. मजूर मात्र त्या शेतातून गेला.

आमच्याकडे हार्वेस्टर येतोय. त्याला सरकारचं ४० टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त ३५ लाख. त्याला रुंद सरी लागते, लांब रान लागतं, वळायला जागा लागते. अण्णांनी मागच्या लागणीला सरी साडेचार फुटांवर नेली. पण आमचं रान चुलत्यांबरोबर वाटणी होऊन चिंचोळं झालंय, यंत्र आत शिरलं तर वळणार कुठं हा प्रश्नच आहे. शिवाय यंत्राच्या उसाला पालापाचोळ्याची कपात वजनातून होते. आईला वाचायला आणखी एक वजाबाकी.

या फेब्रुवारीत आमचा फड तुटला तेव्हा संध्याकाळी मी कोपीवर गेलो होतो. वाढ्याच्या पेंड्या रस्त्याकडेला विकायला मांडल्या होत्या. बीडकडची एक मावशी दगडांच्या चुलीवर चहा टाकत होती.

"फिटली का मावशी उचल?"

"फिटली म्हणायचं दादा, अन् पुन्हा घ्यायची."

"आमचे अण्णा म्हणतात, तुमचा दर वाढला म्हणून आमचा कमी झाला."

ती हसली. "आमचा मुकादम म्हणतो, शेतकऱ्याला दर वाढला की तुमाला भेटंल. कुणाचं ऐकावं?"

पातेल्यात तिनं मुठीनं साखर टाकली. कागदाची पुडी होती, बावड्यातल्याच दुकानातली.

"केवढ्याला आणली?"

"चव्वेचाळीस. तुमच्याच गावात ऊस, अन् तुमच्याच गावात महाग," ती म्हणाली, आणि कप माझ्या हातात दिला. चहा भयंकर गोड होता.